तुम्हाला हे कशावरून कळलं?

नमस्कार श्रोतेहो.

सोळा वर्षं मी मुलांना अपूर्णांक शिकवले. दर वर्षी, न चुकता, कुठल्या तरी वहीत एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असं उत्तर सापडायचं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, गणित संपलं. मी त्यावर लाल फुली मारायचे, शेजारी बरोबर रीत लिहून द्यायचे आणि पुढची वही ओढायचे.

सतराव्या वर्षी मी स्वतः विद्यार्थिनी झाले. नोकरी सांभाळून शिक्षण आणि व्यावसायिक अध्ययन या विषयातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. पहिल्याच स्वाध्यायात आम्हाला वर्गात नेहमी दिसणारी एक चूक घेऊन तिचं कारण लिहायचं होतं. मी हीच चूक घेतली. मुलं घाई करतात, लक्ष देत नाहीत, रीत पाठ करत नाहीत, असं सविस्तर लिहिलं. चार पानं भरली. पेपर तपासून आला तेव्हा पहिल्या पानावर एका वाक्याखाली रेघ होती आणि समासात एक ओळ: 'तुम्हाला हे कशावरून कळलं?'

मला राग आला. सोळा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, मला हे विचारता? पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, तेच उत्तर लिहिलेल्या एका मुलीला मी जवळ बसवलं आणि विचारलं, 'हे कसं केलंस, मला समजावून सांग.' ती म्हणाली, 'बाई, मी आधी दोनदा नेम धरला, एकदा लागला. मग तीनदा धरला, त्यातही एकदा लागला. म्हणजे पाचातले दोन लागले ना?'

श्रोतेहो, तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. नेम मोजायचे असतील तर हिशोब असाच करतात. फक्त तिथे दोन वेगवेगळे गठ्ठे एकत्र होतात, आणि अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही भाग एकाच पूर्ण वस्तूचे असतात. तिच्या डोक्यात एक खरी, उपयोगी रीत होती. ती भलत्या जागी वापरली गेली होती. यात घाई कुठेच नव्हती. आणि सोळा वर्षांत मी एकाही मुलाला हे विचारलं नव्हतं.

या पदवीबद्दल आज बोलायचं ठरवलं ते या एका प्रसंगामुळे. बरेच जण विचारतात की इतकी वर्षं शिकवल्यावर आता वर्गात बसून नवीन काय मिळणार. शिकवण्याच्या नव्या युक्त्या मिळतील या आशेनं जाणाऱ्याची निराशाच होईल, हे मी आधीच सांगते. युक्त्या फार थोड्या मिळतात. मिळते ती आपल्याच कामाकडे पाहण्याची नजर, आणि तीही आपण आपला एखादा प्रश्न बरोबर घेऊन गेलो तरच.

आधी थोडं या पदवीच्या स्वरूपाबद्दल. पदव्युत्तर शिक्षणाचे ढोबळमानाने दोन मार्ग असतात. एकात विषय निवडून मोठा प्रबंध लिहायचा असतो. दुसऱ्यात सत्रागणिक विषय शिकायचे, वाचन करायचं, चर्चा करायच्या, स्वाध्याय लिहायचे, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एक लहान प्रकल्प किंवा लघुप्रबंध असतो. मी बोलते आहे ती ही दुसरी वाट. काही लोक तिला हलकी समजतात. मला ते पटत नाही. रोज वर्गावर जाणाऱ्या माणसाला सोमवारी वाचलेलं मंगळवारी करून पाहता येतं, ही सोय या वाटेवर जास्त आहे.

आता त्या सोळा वर्षांकडे परत येते. मी मुलांना विचारलं का नाही? याचं उत्तर मला दुसऱ्या सत्रात मिळालं. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. शाळा संपेपर्यंत प्रत्येक माणूस शिक्षकांच्या समोर सुमारे १३,००० तास बसलेला असतो. म्हणजे शिक्षकी पेशात येण्याआधीच आपण तो हजारो तास पाहिलेला असतो, पण बाकावरून. शिक्षक काय करतात ते दिसतं, का करतात ते दिसत नाही. माझ्या बाईंनी वह्यांवर फुल्या मारल्या, रीत लिहून दिली. मीही तेच केलं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी ते कधी तपासलंही नव्हतं.

मग ली शुलमन यांचं १९८६ चं लेखन वाचलं. त्यांचं म्हणणं असं की विषय येणं आणि शिकवता येणं यांच्या मध्ये आणखी एक ज्ञान असतं, आणि ते फक्त शिक्षकाचं असतं. हाच आशय कोणत्या उदाहरणानं उलगडेल, तो कुठे अवघड जातो, मुलं आधीपासून कोणत्या समजुती घेऊन येतात, हे ते ज्ञान. गणितज्ञाला अपूर्णांक माझ्यापेक्षा चांगले येतात, पण दोन छेद पाच हे उत्तर कुठून येतं ते त्याला माहीत असण्याचं कारण नाही. मला माहीत असायला हवं होतं. ते वाचताना मला माझ्या पेशाबद्दल जो अभिमान वाटला, तो त्याआधी कधी वाटला नव्हता.

याच अभ्यासानं माझ्या हातून काही गोष्टी काढूनही घेतल्या. एका प्रशिक्षणानंतर मी कित्येक वर्षं माझ्या मुलांची यादी ठेवत असे: हा पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी, तो हातानं करून शिकणारा. मोठ्या मायेनं केलेली यादी होती ती. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, आणि मुलांना अशा शैलींत विभागून त्याप्रमाणे शिकवल्यानं शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ते वाचून मी ती यादी बंद केली. वाईट वाटलं. ज्या मुलाला मी 'ऐकून शिकणारा' ठरवलं होतं त्याच्यापुढे आकृत्या कमी मांडल्या होत्या, हे आठवलं तेव्हा जास्त वाईट वाटलं.

सगळ्यात जास्त काळ माझ्यासोबत राहिला तो रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग. पाचवी-सहावीच्या मुलांच्या कामावर काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, पॉल ब्लॅक आणि डायलन विल्यम यांनी वर्गातल्या मूल्यमापनावरचं संशोधन एकत्र मांडलं, तेव्हा हा प्रयोग शिक्षकांपर्यंत पोचला.

हे वाचल्यावर मी माझ्या वह्यांचा गठ्ठा समोर ठेवून बसले. एवढी वर्षं प्रत्येक वहीत मी गुणही दिले होते आणि खाली मेहनतीनं शेरेही लिहिले होते. रात्री जागून. मुलं गुण पाहायची, शेजारच्याचे गुण पाहायची आणि वही मिटायची. ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि मला वाटायचं मुलांना कदर नाही.

शेवटच्या प्रकल्पासाठी मी हाच प्रश्न घेतला. याला कृती संशोधन म्हणतात: आपल्याच कामात एक बदल करायचा, काय होतं ते नीट नोंदवायचं, त्यावर विचार करून पुढचा बदल ठरवायचा. कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ही कल्पना मांडली, आणि पुढे लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी ती शिक्षकांच्या हाती दिली; शिक्षकानं स्वतः संशोधक व्हावं, असा त्यांचा आग्रह होता. मी एका सत्रात सरावाच्या वह्यांवर गुण लिहिणं थांबवलं. फक्त एक प्रश्न लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्याचं उत्तर लिहायला द्यायची. ही दहा मिनिटं फार महत्त्वाची निघाली. आधी मी फक्त प्रश्न लिहिले होते, वेळ दिला नव्हता, तेव्हा एकाही मुलानं उत्तर लिहिलं नाही. एका मुलानं गुण नाहीत म्हणून वही पालकांना दाखवलीच नाही, तेव्हा पालकांना बोलावून सगळं समजावून सांगावं लागलं. माझ्या एका वर्गावरून मी जगाला काही सिद्ध करून दाखवलं नाही. पण मुलं माझा शेरा वाचू लागली, हे मी नोंदींसह सांगू शकत होते. आणि कोणी विचारलं, कशावरून कळलं, तर उत्तर होतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलायला हवी. आपल्याच विद्यार्थ्यांवर संशोधन करताना आपल्या हातात त्यांचे गुण असतात. मूल 'नाही' कसं म्हणेल? म्हणून परवानगी घेणं, पालकांना कळवणं, नावं लपवणं, आणि भाग न घेणाऱ्या मुलाचं काहीही नुकसान होणार नाही याची हमी देणं, हे सगळं करावं लागतं. काही सहाध्यायांना हे कागदी घोडे वाटले. मला मात्र यातूनच वर्गातल्या माझ्या अधिकाराची पहिल्यांदा खरी जाणीव झाली.

आता वेळेचं. युरोपातल्या श्रेयांक पद्धतीत वर्षभराच्या पूर्णवेळ शिक्षणाचे ६० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे १,५०० ते १,८०० तास. नोकरी करून आठवड्याला १२ तास काढले, तर १२५ ते १५० आठवडे लागतील, तेही एकही आठवडा न चुकवता. पद्धत देशागणिक वेगळी असेल, पण असा हिशोब प्रवेश घेण्याआधी घरच्या माणसांबरोबर बसून जरूर करा. मी तो केला नव्हता. दुसऱ्या सत्रात मी आजारी पडले आणि एक विषय पुढे ढकलावा लागला. तेव्हा मला ती नामुष्की वाटली. आज वाटतं, तो विषय सुरुवातीलाच पुढच्या सत्रासाठी ठेवायला हवा होता.

अभ्यासक्रम निवडताना मी एकच गोष्ट आवर्जून पाहायला सांगेन: स्वाध्यायांचे विषय. ते तुमच्या वर्गातून, तुमच्या कामातून उत्तर मागतात का? की केवळ वाचलेल्याचा सारांश मागतात? माझ्या अभ्यासक्रमातही दोन विषय असे होते की ते झाले काय आणि नसते झाले काय. आणि लिहिण्याची तयारी ठेवा. इतरांचं मत कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं हे वाचणाऱ्याला दिसेल असं लिहायला मला वर्ष लागलं.

सोबतीबद्दल मात्र भरभरून बोलावंसं वाटतं. आमच्या तुकडीत फक्त शाळेतले शिक्षक नव्हते. रुग्णालयात नव्या परिचारिकांना शिकवणाऱ्या एक जण होत्या, कारखान्यात कामगारांना यंत्र शिकवणारे एक गृहस्थ होते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं १९९१ चं काम आम्ही एकत्र वाचलं. त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथे शिकाऊ मुलगा सुरुवात करतो बटणं लावण्यापासून, हातशिलाईपासून, मग शिवण, आणि कापड बेतायला अगदी शेवटी मिळतं. कपडा ज्या क्रमानं तयार होतो त्याच्या उलट क्रमानं तो शिकतो. बटणं लावताना पूर्ण झालेला कपडा त्याच्या हातात असतो, आणि चूक झाली तरी कापड वाया जात नाही. हे ऐकून त्या परिचारिका बाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'आम्ही नव्या मुलीला पहिल्याच दिवशी कापड कापायला लावतो.' पुढच्या महिन्यात त्यांनी त्यांच्या विभागात नव्या मुलींच्या कामाचा क्रम बदलून पाहिला.

मी शाळेत मात्र बराच काळ एकटी होते. शिक्षकखोलीत या अभ्यासाबद्दल बोललं की आपण शहाणपणा शिकवतो आहोत असं समोरच्याला वाटतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी बोलणं सोडलं. फक्त वह्या तपासताना मुलांना जवळ बोलावून विचारत राहिले, 'हे कसं केलंस?' शिक्षकखोलीचं दार उघडंच असायचं.

पदवी मिळून काही महिने झाले होते. एका दुपारी माझ्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या एक बाई, ज्यांनी या अभ्यासाबद्दल मला कधीच काही विचारलं नव्हतं, त्या हातात एक वही घेऊन आल्या. दशांश अपूर्णांकांच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, 'हा मुलगा शून्य पूर्णांक बारा हे शून्य पूर्णांक पाचपेक्षा मोठं म्हणतो. बारा पाचापेक्षा मोठे म्हणून असेल असं वाटतंय, पण खात्री नाही. त्याला बोलावलंय. तूही बसतेस का?'

मी खुर्ची पुढे ओढली.

नमस्कार.