व्हेटरनरी कॉलेज निवडताय? आधी तिथली ओपीडी बघा

राम राम मंडळी! नीटचा निकाल लागला की रावेर-यावलपासून तळोदा-नवापूरपर्यंतच्या पालकांचा एकच प्रश्न असतो. मुलाला, मुलीला ढोरांचा डॉक्टर व्हायचंय, पहिल्या नंबरला कॉलेज कोणतं टाकायचं?

बीव्हीएससी अँड एएच ही साडेपाच वर्षांची पदवी, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. अभ्यासक्रम भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते, त्यामुळे पुस्तकं सगळीकडे जवळपास तीच. फरक पडतो तो कॉलेजच्या दवाखान्यात. रोज कोणती जनावरं येतात, किती येतात आणि त्यांना हात कोण लावतं? माझ्या मते कॉलेज यावरूनच ठरवावं. इमारत किती चकाचक आहे आणि मित्र कुठे चाललाय, हे नंतर.

शक्य असेल तर एक दिवस सकाळीच जाऊन ओपीडीत उभे राहा. खोड्यात म्हैस बांधलीय, गाभण आहे का ते बघायचंय. खांद्यापर्यंतचा हातमोजा कुणाच्या हातात आहे? सर तपासतायत आणि वीस पोरं मागून माना उंचावून बघतायत? की सर बाजूला उभे आहेत आणि हात घातलेल्या मुलीला विचारतायत, "हाताला काय लागतंय, सांग"? त्या एका दृश्यात कॉलेज कळतं. मग इंटर्न मुलांना गाठा, चहा पाजा आणि विचारा. शिरेत सलाईन स्वतः लावलीस का? रात्री अडलेली गाय आली तर तुम्हाला उठवतात का? पोटात तार गेलेल्या गाईचं ऑपरेशन झालं तेव्हा तू टेबलापाशी होतास की दारापाशी?

आता आपल्या खान्देशाचं बघा. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 मध्ये सापडला तो नवापूरच्या पोल्ट्रीत. 2022 च्या लम्पीच्या साथीतली राज्यातली पहिली नोंद रावेर तालुक्यातल्या चिनावलची. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. शिकून इथेच परत यायचं असेल तर गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यावर हात बसलेला हवा.

माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, जुनी कॉलेजं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत. मुंबईचं 1886 चं, मोठ्या परंपरेचं. पण परळ म्हणजे शहर. कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करायची असेल तर ते उत्तमच. वन्यप्राण्यांची ओढ असेल तर नागपूरला माफसूचंच गोरेवाडा केंद्र आहे. उदगीर म्हणजे देवणी आणि लाल कंधारी गुरांचा मुलूख. गावाकडचं काम करायचं ठरवलेल्या पोरानं परभणी-उदगीरला लांब म्हणून खाली ढकलू नये, असं मला मनापासून वाटतं.

एक वाट आपल्याकडचे पालक विसरतात. धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा करत पुढे गेलं की मध्य प्रदेशातलं महू. नंदुरबारहून सुरतमार्गे गुजरातमधलं नवसारी. दोन्हीकडे सरकारी व्हेटरनरी कॉलेज आहे. तिथल्या राज्याच्या कोट्यात आपण बसत नाही, पण अखिल भारतीय 15 टक्के जागांमधून जाता येतं. त्याची प्रक्रिया पशुवैद्यक परिषद स्वतः राबवते, तिचा फॉर्म वेगळा. माफसूचा फॉर्म वेगळा. नीट दिली म्हणून नाव आपोआप कुठेच जात नाही! दोन्ही वेबसाइट निकालाच्या आधीपासून बघत राहा.

आणि कुणी सांगितलं की दहावीनंतर पदविका करा, डॉक्टरच होतो, तर ऐकू नका. पदविकेनं पशुवैद्यक म्हणून नोंदणी मिळत नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार त्यासाठी मान्यताप्राप्त पदवीच लागते. म्हणून फी भरण्याआधी, कॉलेज कोणतंही असो, त्या वर्षीच्या प्रवेशाला परिषदेची परवानगी आहे का ते परिषदेच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एजंटच्या मोबाइलमधल्या फोटोवर पैसे भरू नका.