दीक्षाभूमी ते ताजबाग : श्रद्धांमधील फरक समजून घेताना

[दृश्य : दीक्षाभूमीचा स्तूप, परिसरात कोरलेल्या बावीस प्रतिज्ञा]

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर स्वतः लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्यास नकार देते आणि तसे सांगणे हा खोटा, खोडसाळ प्रचार आहे असे बजावते.

सहिष्णुतेचा विषय निघाला की ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर उच्चारले जाते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा निर्मळ असतो. दशावतारांमध्ये बुद्धाला आदराने नववे स्थान देणारा भाविकही आपण मनाचा मोठेपणा दाखवत आहोत असेच प्रामाणिकपणे मानतो. परंतु ज्याने ही प्रतिज्ञा घेतली आहे, त्याच्या लेखी तो आदर म्हणजे त्याचा धम्म दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात नेऊन बसवणे असते. समोरच्याची श्रद्धा ही आपल्याच श्रद्धेची शाखा आहे असे ठरवून तिला मान देणे सोपे आहे. ती आपल्या श्रद्धेतील काही गोष्टी स्पष्टपणे नाकारते हे शांतपणे ऐकून घ्यावे आणि तरीही ती मानणाऱ्या माणसाविषयीचा आदर तसूभरही कमी होऊ देऊ नये, इथे खरी कसोटी लागते. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा १९३५ मध्ये येवल्याला केली होती. घोषणा आणि दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास आहे, आणि इतक्या विचारांती घेतलेल्या निर्णयाला ‘सगळे एकच’ या दोन शब्दांत गुंडाळणे अन्यायाचे ठरते.

[दृश्य : ताजबाग, चादर अर्पण करणारे भाविक]

उमरेड मार्गावरील ताजबागेत हीच बाब वेगळ्या रीतीने समोर येते. १८६१ मध्ये कामठीत जन्मलेले ताजुद्दीन बाबा काही वर्षे नागपूरच्या मनोरुग्णालयात होते. तेथून रघुजीराजे भोसले यांनी त्यांना सक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात सन्मानाने नेले. १९२५ मध्ये बाबांचे निधन झाले. त्यांच्या दर्ग्यात आज हिंदू आणि मुसलमान शेजारी उभे राहून चादर चढवतात. बाहेरून दोघांची कृती सारखीच दिसते. तथापि मुसलमान भाविकासाठी उपासना फक्त अल्लाहची असते, आणि बाबा हे अल्लाहच्या निकटचे वली असतात. त्यांच्या वसिल्याने, म्हणजे त्यांच्या माध्यमातून, तो दुआ मागतो. शेजारचा हिंदू भाविक मात्र पुष्कळदा सत्पुरुषासमोर हात जोडावेत तसे हात जोडतो, नवस बोलतो आणि बाबांनाच साकडे घालतो. दर्ग्यावर जाणे कितपत योग्य आहे, याविषयी खुद्द मुसलमानांमध्येही मतभेद आहेत. हे सारे फरक असूनही तेथील रांग एकच राहते, ही मला नागपूरच्या लोकजीवनातील अत्यंत मौल्यवान गोष्ट वाटते.

[दृश्य : रामटेक, शांतिनाथ जैन मंदिर]

या फरकांकडे पाहावे कसे, याचा सूक्ष्म विचार जैन दर्शनाने केला आहे. रामटेकला गडावर रामाचे मंदिर आहे आणि पायथ्याशी शांतिनाथांचे. जैन परंपरेतील आचार्य समंतभद्रांचा एक दृष्टांत प्रसिद्ध आहे : सोन्याचा घट वितळवून मुकुट घडवला, तेव्हा घट हवा असणारा दुःखी झाला, मुकुट हवा असणारा आनंदला आणि ज्याला सोनेच हवे होते तो तटस्थ राहिला. तिघांचाही अनुभव खरा आहे, कारण वस्तूत नाश, उत्पत्ती आणि स्थैर्य ही तिन्ही एकाच वेळी नांदतात. यावरून ‘कोणी काहीही म्हणावे, सगळेच खरे’ असा अर्थ काढणे चूक आहे. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने, म्हणजे कोणत्या दृष्टिकोनातून, केले आहे ते आधी तपासावे, अशी अनेकान्तवादाची, म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात या जैन सिद्धान्ताची, शिस्त आहे, आणि ती पाळणे कष्टाचे आहे.

[दृश्य : हिस्लॉप महाविद्यालय, कचारगडची यात्रा]

असे कष्ट घेणारा एक माणूस १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आला होता. स्टीफन हिस्लॉप हे ख्रिस्ती धर्मप्रसारक. धर्मांतर घडवणे हेच त्यांचे ध्येय, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. तरीही गोंडांच्या ‘प्रधान’ या भाट समाजातील गायकाकडून, गोंडांचा धर्मसंस्थापक मानल्या जाणाऱ्या लिंगोची दीर्घ गीतकथा त्यांनी नोंदवून घेतली, आणि १८६३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेम्पल यांनी ती प्रसिद्ध केली. ज्या नागपूरची उभारणी बख्त बुलंद शाह या इस्लाम स्वीकारलेल्या गोंड राजाने केली, त्या नगरीतील किती जणांना आज पारी कुपार लिंगो हे नाव ठाऊक आहे? कोया पुनेम या गोंडांच्या धर्मपरंपरेनुसार त्यांच्या कुळांची विभागणी चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत होते, विवाह त्याच गटांनुसार ठरतात, आणि माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेकडे यात्रा निघते. या व्यवस्थेला ‘निसर्गपूजा’ म्हणून मोकळे होणारा माणूस तिच्यातील समाजरचनेचा विचार पाहतच नाही.

सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात म्हटले आहे की, स्वतःच्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची अधिक हानी करतो. वाणीवर संयम ठेवावा आणि एकमेकांचा धर्म ऐकावा, असेही त्याने सांगितले.

[दृश्य : नागपूरचे विधानभवन]

मात्र श्रद्धेच्या नावाखाली माणसाला इजा होत असेल, तर ते ऐकून सोडून देता येत नाही. अस्पृश्यतेलाही धर्माचाच आधार सांगितला जात होता, आणि म्हणून तिच्याविरुद्धचा लढा असहिष्णू ठरत नाही. ही सीमारेषा आखण्याचा एक प्रयत्न याच शहरात झाला. डिसेंबर २०१३ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, नरबळी आणि इतर अमानुष, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारे विधेयक विधिमंडळाने संमत केले. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन आणि भजन यांना हा कायदा लागू होणार नाही, हे त्याच कायद्यात स्वतंत्र कलमाने नमूद केलेले आहे.