कवेलू काढणारी चार माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाआधी आपल्याकडे घरावरचे कवेलू फेरतात. वरचा माणूस एकेक कवेलू उचलतो आणि खाली अंधाऱ्या घरात उजेडाचे कवडसे पडतात. मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचताना मला तोच उजेड दिसतो. कफर्णहूमला येशू एका घरात बोलत होता. दारात पाय ठेवायला जागा नव्हती. चौघांनी पक्षाघाताच्या रोग्याला खाटेवर घालून आणलं, छप्पर उघडलं आणि खाट खाली सोडली. हीच गोष्ट सांगणारा दुसरा शुभवर्तमानकार लूक तर कौलांचा उल्लेखही करतो. तिथं येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाची त्यानं परीक्षा घेतली नाही.

हे आज सांगते आहे ते माझ्या भाच्यामुळे. तो सहावीत आहे, त्याला सिकलसेल आहे. विदर्भात हा आजार नवा नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडन् हाड ठणकतं. दोन वर्षांमागे एका प्रार्थनासभेत बाहेरगावच्या सेवकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बहिणीला सांगितलं, “आता गोळ्या बंद करा. गोळी घेणं म्हणजे देवावर संशय.” तिनं त्याची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बंद केली. पुढं पोरगं दुखण्यानं तळमळू लागलं, तेव्हा उत्तर मिळालं, “घरात पाप असेल. विश्वास कमी पडला.”

मला त्या शब्दांचा राग आजही येतो. आजारी लेकराच्या आईला असं सांगायचं?

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हेच विचारलं होतं : हा जन्मांध आहे, तर पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. सिकलसेल आईबाप दोघांकडून येतो. दोघं वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा दोष अंगात असला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. यात पाप कुठं शोधायचं?

प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सततचं दुखणं, जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. त्याचा सोबती लूक तर वैद्य होता. याकोबाच्या पत्रात रोग्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. म्हणजे प्रार्थनेचा भार त्यांनी उचलायचा.

परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोग दवाखाना आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 साली कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधं एकत्र देणं, सुचवला, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं जखमा धुतल्या जात होत्या. औषध आलं, तेव्हा त्याच हातांनी ते दिलं. माझ्या लेखी ही मोठी प्रार्थना आहे.

गेल्या पौषात रात्री भाच्याचं दुखणं उठलं. आमचे पाळक सायकलनं आले. दारातूनच विचारलं, “पाणी पाजलं काय त्याले? गोळी देली?” मग कपाळाला तेल लावलं, गुडघे टेकले. शेजारच्यानं गाडी काढली, दोघांनी पोराला उचललं. मी वाटभर त्याचे पाय चोळत होते.

दवाखान्यात सलाईन लागलं. जरा बरं वाटल्यावर तो हळूच म्हणाला, “मावशी, माया विश्वास कमी हाय काय?”

मी त्याला त्या चौघांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मंग ते कवेलू परत कोणं बसवले?”