आनसीच्या तळ्यावरून आरावीच्या घाटात

फ्रान्सच्या आल्प्समधलं आनसीचं तळं आज इतकं नितळ आहे की काठाला उभं राहून तळाचे गोटे दिसतात. गेल्या शतकाच्या मध्यावर यातच गावोगावचं सांडपाणी मिसळत होतं. १९५७ मध्ये काठावरची गावं एकत्र आली, तळ्याभोवती सांडपाण्याची वाहिनी टाकायचं ठरलं आणि पाणी वाचलं. म्हणून मोटारहोममधलं, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतलं, भांड्यांचं, अंघोळीचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात कधीच सोडू नये. पावसाच्या पाण्याची गटारं तळ्याकडेच वाहतात.

त्यासाठी ठरवून दिलेल्या जागा आहेत. जमिनीतल्या जाळीवर सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बरोबर येईल अशी गाडी लावायची. संडासाची कॅसेट, म्हणजे काढता येणारी मैल्याची टाकी, वेगळ्या तोंडात रिकामी करायची. नळ बहुधा दोन असतात: एक कॅसेट विसळायला, दुसरा पिण्याच्या पाण्याचा. घाईत पहिल्यालाच पाइप जोडला, तर अख्खी टाकी नासते. ‘ओ नों पोताब्ल’ ही पाटी दिसली की ते पाणी पिण्याचं नाही.

पाण्याची टाकी काठोकाठ भरू नका. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. बहुतेक मोटारहोमना सामानासकट मर्यादा ३,५०० किलोंची. शिवाय ते वजन चढवायचंय: तळं ४४७ मीटरवर, आरावी घाटाचा माथा १,४८६ मीटरवर.

वाटेत तोन गावी रब्लोशाँ चीज मिळतं. त्याच्या सालीवरची छोटी चकती बघा: हिरवी असेल तर शेतावर बनवलेलं, लाल असेल तर डेअरीचं. हिरवंच घ्या. पूर्वी खंड दुधाच्या मापावर ठरे, म्हणून कुळं गाय अर्धीच पिळत आणि मापारी गेला की पुन्हा बसत, असं सांगतात. ते दुसऱ्या धारेचं दाट दूध या चीजमध्ये जाई. नावाचा अर्थही तोच, पुन्हा पिळणं.

माथ्यावर छोटं चॅपेल आहे, हवा स्वच्छ असेल तर समोर मों ब्लां, आल्प्सचं सर्वांत उंच शिखर.

चढ गाडी ओढते. कस लागतो तो पलीकडे, ला झिएता गावाकडे उतरताना. रस्ता अरुंद, वळणं आंधळी. पाय ब्रेकवर तसाच राहिला की पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाका, वेग इंजिनाला धरू द्या. ब्रेक ठासून दाबा आणि पूर्ण सोडा. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला उटी (दगड किंवा पाचर) लावा.

रात्री हीटरसाठी प्रोपेन गॅसच हवा. ब्युटेन ० अंशाच्या आसपास बाटलीतच द्रव राहतो आणि पहाटे हीटर विझतो.