कुलूप कुठे उघडतं?

पडद्यावर व्हॉट्सॲपची ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची खिडकी आहे. क्यूआर कोड स्कॅन होतोय. यावेळी जोडला जातोय तो लॅपटॉप नव्हे, तर स्वतःच्या सर्व्हरवर चालणारा एक प्रोग्रॅम. दोन चॅट सेवा जोडणाऱ्या अशा प्रोग्रॅमला ब्रिज म्हणतात.

पलीकडे आहे मॅट्रिक्स, २०१४ साली सुरू झालेला चॅटसाठीचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे कुणालाही वापरता येणारी नियमावली, आणि त्याचा सर्व्हर सिनॅप्स. ब्रिज एक नोंदणी फाइल तयार करतो. तिचा पत्ता सिनॅप्सला द्यायचा आणि सिनॅप्स रीस्टार्ट करायचा. हे राहून गेलं तर ब्रिजच्या बॉटला, म्हणजे चॅटमधून हुकूम घेणाऱ्या त्याच्या खात्याला, कितीही हाका मारा, तो ओ देत नाही. एकदा ओ दिली, की त्याला लॉगिन करायला सांगायचं. तो कोड पाठवतो, फोन तो वाचतो आणि चॅट भराभर मॅट्रिक्सवर उतरू लागतात. व्हॉट्सॲपवरच्या प्रत्येक व्यक्तीसाठी इकडे एक तोतया खातं उभं राहतं. जाणकार त्याला ‘घोस्ट’ म्हणतात.

अशी जोडाजोड जुनीच. १९९९ साली सुरू झालेल्या जॅबर या खुल्या चॅट व्यवस्थेत आयसीक्यू या तेव्हाच्या चॅट सेवेपर्यंत पोचवणारे ‘ट्रान्सपोर्ट’ होते. फेसबुकने तर २०१० मध्ये आपलं चॅट एक्सएमपीपीसाठी, म्हणजे जॅबरच्याच प्रोटोकॉलसाठी, स्वतःहून उघडलं आणि २०१५ मध्ये ते दार लावून घेतलं. आजचे असे ब्रिज बहुतेक मागच्या दारानेच येतात. त्यामुळे खातं बंद होण्याचा धोका असतो, आणि तो खाते वापरणाऱ्याचाच.

पण माझ्या मते खरा प्रश्न एन्क्रिप्शनचा आहे. व्हॉट्सॲपचा मेसेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद जातो. ब्रिज जोडला, की तोही एक टोक होतो. मेसेज त्याच्यापाशी उघडतो आणि मग मॅट्रिक्सच्या रूममध्ये जातो. तिथे पुन्हा एन्क्रिप्ट व्हावा असं वाटत असेल, तर ती सेटिंग आपण चालू करायची. म्हणजे मधल्या क्षणी मजकूर सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात असतो. सर्व्हर आपला असेल तर ठीक. दुसऱ्याचा असेल, तर त्या माणसावर भरवसा हवाच. समोरच्याला यातलं काही कळत नाही. त्याला संभाषण नेहमीसारखंच सुरक्षित दिसतं.

जोडणी तोडणं सोपं आहे. फोनमधल्या त्याच यादीतून ब्रिजला लॉगआउट करायचं. तोवर उतरलेले मेसेज मात्र सर्व्हरच्या डेटाबेसमध्येच राहतात. ते वेगळे पुसावे लागतात, आणि बॅकअप घेतला असेल तर त्यातूनही.