ओलं लाकूड, ओली माती: ॲपलाचियाच्या हस्तकलेची पारख

मंडळी, अमेरिकेतून भारतात जाताना न्यायच्या वस्तूंची आपली यादी बहुतेक ठरलेली असते: चॉकलेटं, बदाम, परफ्यूम. त्याऐवजी इथल्या कारागिराच्या हातची एखादी वस्तू न्यावी आणि ती पारखून घ्यावी, यासाठी आजचं बोलणं. प्रदेश दक्षिण ॲपलाचियाचा, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग आणि त्याच्या आसपासचे टेनेसी, केंटकीचे डोंगर.

या भागातल्या हस्तकलेच्या दुकानांची परंपरा सव्वाशे वर्षांची आहे. फ्रान्सिस गुडरिच या मिशनरी बाईंना १८९५ मध्ये हातमागावरची एक जुनी चादर भेट मिळाली. ती पाहून त्यांनी डोंगरातल्या विणकर बायकांचं काम विकायला घेतलं. १९०८ मध्ये त्यांचं ‘ॲलनस्टँड’ दुकान ॲशव्हिल शहरात आलं आणि १९३१ मध्ये ते त्यांनी सदर्न हायलंड क्राफ्ट गिल्ड या कारागिरांच्या संघटनेच्या हवाली केलं. आज ते ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावर ३८२व्या मैलाजवळच्या फोक आर्ट सेंटरमध्ये आहे. गिल्डचं सदस्यत्व परीक्षकांनी काम तपासल्यावरच मिळतं, त्यामुळे तिथे तुमचं निम्मं काम झालेलं असतं. गावातल्या लहान गॅलरीत मात्र वस्तू स्वतः हातात घेऊन, उलटी करून पाहावी लागते.

पाहायचं काय? एकच प्रश्न मनात ठेवा: यातलं पाणी कसं गेलं? टोपलीचं लाकूड, चहाच्या मगाची माती, केरसुणीची काडी, सगळं घडताना ओलं असतं. वाळताना ते आक्रसतं. वस्तू टिकणार की नाही, हे त्या आक्रसण्याचा अंदाज कारागिराने कसा बांधला त्यावर ठरतं.

टोपली आधी घेऊ, कारण फसगत तिथे सर्वांत जास्त होते. इथली अस्सल टोपली व्हाइट ओक या झाडाच्या लाकडाची. आपल्याकडे बुरूड बांबू चिरून कामट्या काढतो तशीच ही रीत, पण बांबू पोकळ आणि ओकचं खोड भरीव. पंधरा-वीस सेंटिमीटर जाडीचं, दीड-दोन मीटरपर्यंत गाठ किंवा पीळ नसलेलं झाड शोधण्यातच मोठं कसब आहे. ते ओलं असतानाच पाचरीने दोन, चार, आठ फाका करतात. गाभा काढून टाकतात आणि बाहेरचं फिकट लाकूड वार्षिक वलयांवरून सोलत जातात. वसंतात वाढलेला थर सच्छिद्र असतो, तिथून पट्टी सुटते. सोलताना चीर एका बाजूला पळू लागते. मग जाड राहिलेली बाजू जास्त वाकवायची, म्हणजे चीर तिच्याकडे वळते. हे वेळेवर केलं नाही तर पट्टी निमुळती होऊन मध्येच तुटते. शेवटी सुरीने खरवडून साधारण एक मिलिमीटर जाडीची पट्टी तयार होते.

व्हाइट ओक ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयाच्या दिशेने सुमारे साडेदहा टक्के आक्रसतो. पट्टीची रुंदी नेमकी त्याच दिशेत येते. म्हणजे ओल्या पट्ट्यांनी विणलेल्या दहा ओळींत वाळल्यावर जवळपास एका पट्टीइतकी मोकळी जागा पडते. म्हणून जाणकार विणकर पट्ट्या आधी वाळवतो, विणताना त्या जेमतेम वाकतील एवढ्याच भिजवतो आणि प्रत्येक ओळ बोटांनी खाली दाबत नेतो. टोपलीच्या सांगाड्याच्या उभ्या बरगड्या तर पूर्ण वाळलेल्याच हव्यात. दुकानात टोपली उजेडासमोर धरा, मग एखादी बरगडी अंगठ्याने सरकवून पाहा. ती हलत असेल तर घाई झालेली आहे.

पट्टीचा पृष्ठभागही नीट पाहा. ओकच्या पट्टीवर लाकडाच्या बारीक रेषा दिसतात आणि रुंदी थोडी कमी-जास्त असते. सगळ्या पट्ट्या यंत्रातून काढल्यासारख्या एकसारख्या असतील आणि कडेला बारीक तुसं निघालेली असतील, तर तो आग्नेय आशियातून आणलेला वेत. वेताच्या टोपल्याही इथे हातानेच विणतात आणि चांगल्या असतात. फक्त झाड निवडण्याचे, चिरण्याचे दिवस त्यात नाहीत, तेव्हा ओकच्या टोपलीचा भाव त्यांना देऊ नये.

चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या टोपल्यांची परंपरा वेगळी आणि याहून जुनी आहे. नदीकाठचा रिव्हर केन हा बांबू, व्हाइट ओक आणि हनीसकलची वेल त्यांत वापरतात. रंग ब्लडरूटच्या मुळाचा नारिंगी, काळ्या अक्रोडाचा तपकिरी. चेरोकी गावात १९४६ पासून क्वाला ही कारागिरांची सहकारी संस्था आहे, खरेदी तिथे करणं उत्तम. मूळ अमेरिकी जमातींच्या नावाने खोटा माल विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून बनवणाऱ्याचं आणि जमातीचं नाव लिहून मागायला अजिबात संकोच करू नका.

आता मातीचा मग. साडेतीनशे मिलिलिटरच्या मगाला साधारण साडेचारशे ग्रॅम माती लागते. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी, माती वाळताना आणि भाजताना मिळून अकरा ते तेरा टक्के आक्रसते. कुंभार तेवढा मोठा मग चाकावर काढतो. चूक होते ती दोन जागी. बुडाची माती दाबून घट्ट केली नाही, किंवा आत पाणी साचू दिलं, तर तळाला इंग्रजी ‘एस’च्या आकाराची चीर जाते. दुसरी जागा कपाचा कान. तो बारीक, म्हणून अंगापेक्षा लवकर वाळतो आणि सांध्यावर तडकतो. माती चामड्यासारखी घट्ट असताना दोन्ही बाजू खरवडून, पातळ मातीचा लेप देऊन कान बसवायचा आणि रात्रभर प्लास्टिकखाली झाकून सावकाश वाळू द्यायचा, हा त्यावरचा उपाय.

असा मग विकत घेताना कानाच्या दोन्ही सांध्यांवरून नख फिरवा. टिचकी मारा, आवाज खणखणीत यायला हवा. झिलईवर जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर झिलई मातीपेक्षा जास्त आक्रसली आहे. शोभेला तो मग ठीक, पण हळदीच्या दुधाने त्या रेषा कायमच्या पिवळ्या होतील. झिलईत शिसं नाही ना, हे विचाराच. घरी लिंबाची फोड रात्रभर आतल्या भागावर ठेवून पाहा. सकाळी रंग उतरलेला दिसला तर चिंच-कोकमाला ते भांडं वापरू नका. आणि स्टोनवेअर गॅसच्या आचेवर कधीच ठेवायचं नाही, ते तडकतं.

केरसुणीबद्दल थोडक्यात, पण ती न्याच. इथे तिला लागणारं ‘ब्रूमकॉर्न’ म्हणजे आपल्या ज्वारीचीच एक जात. केंटकीच्या बेरिया कॉलेजमध्ये विद्यार्थी १९२० पासून ती बांधत आले आहेत. काड्या भिजवून बांधतात, त्यामुळे दोर पूर्ण ताणून आवळला नसेल तर त्या वाळल्यावर बांधणी सैल पडते. दांडा धरून पिळून पाहा, गड्डा फिरता कामा नये.

लाकडी वाडगा लेथवर दोनदा कातलेला आहे का, ते विचारा. तीस सेंटिमीटरच्या ओल्या वाडग्याची भिंत आधी तीन सेंटिमीटर जाड ठेवतात. सहा महिने ते वर्षभरात तो वाळून लंबगोल होतो, मग पुन्हा कातून गोल करतात. एकदाच कातलेले वाकडे वाडगेही मुद्दाम करतात आणि सुंदर असतात, पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं.

हीटरच्या घरात हिवाळ्यात लाकडातला ओलावा सहा-आठ टक्क्यांवर येतो. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तो दुपटीहून जास्त होतो, वाडगा फुगतो. काठाशी लाकडाच्या रेषांना आडवी अशी सपाट पट्टी चिकटवलेली वस्तू म्हणून कोकणात नेऊ नका, सांधा उकलतो. ओकच्या फिकट लाकडाला भुंगाही लागतो. टोपलीखाली पिठासारखा भुसा दिसला तर ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसात बुरशीचे ठिपके आले तर कोरड्या ब्रशने झाडून सावलीत, वारा लागेल अशी टांगा. कडक उन्हात टाकलीत तर पट्ट्या ठिसूळ होऊन वाकवताना मोडतील.