चाबीच्या टॉर्चमध्ये पाणी गेलं? बटन दाबू नका, आधी सेल काढा

नमस्कार मंडळी. रात्रीच्या लाईनवर ओलित करताना चाबीच्या जुडग्यातला हा बोटभर टॉर्च पाटात पडतो. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात जातो. उचलला की हात आधी बटनावरच जातो. तिथंच थांबा.

नुसत्या पाण्यानं एलईडी मरत नाही. सेल आत असला की ओल्या पत्र्यांमधून करंट झिरपत राहतो आणि तोच तांबं, निकेल खातो. वावरातल्या पाण्यात खताचे, मातीचे क्षार असतात, म्हणून हे काम आणखी लवकर होतं.

म्हणून आधी टोपी फिरवा, सेल बाहेर. यात तीन बटन सेल आहेत, मिळून ४.५ व्होल्ट. भिजलेले सेल परत टाकू नका, लेकराच्या हाती तर अजिबात लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेततं.

आता जवळून पाहा. स्प्रिंगच्या बुडाशी हा पांढरा भुगा दिसतो? हा सेलमधून गळलेला क्षार. कापसाच्या काडीवर लिंबाचा एक थेंब घ्या, लावा. फेस आला, बरोबर. फेस थांबला की बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. दुकानात नीट मागा, ॲसिडची बाटली नको. हिरवा थर जुन्या टूथब्रशनं काढा, पत्रा खोडरबरानं घासा. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा जातो आणि गंज पुन्हा धरतो.

मग मोबाईल दुरुस्तीवाल्याकडचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, शिंपडा आणि उघडाच पंख्याखाली दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आत शिरतं. चुलीजवळ नको, प्लास्टिक वाकतं.

चार्जिंगचा टॉर्च असेल तर जास्त जपा. पूर्ण सुकेपर्यंत पिन लावायची नाही. आतला लिथियम सेल फुगलेला दिसला तर तो टॉर्च दुरुस्त करायचा नाही, घरापासून लांब ठेवायचा.

पाणी शिरतं कुठून? बहुतेक वेळा टोपीच्या आट्यांजवळच्या या काळ्या रबरी रिंगमधून. नखानं ताणून पाहा. चीर दिसली की बदला. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, फक्त चमक येईल इतकंच. बंडीच्या चाकाचं वंगण नको, त्यात धूळ चिकटते. डब्यावर आयपीएक्स ४ लिहिलं असेल तर तो टॉर्च फक्त शिंतोडे सोसतो. पाण्यात पडूनही टिकावा असं वाटत असेल तर आयपीएक्स ७ घ्या. तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरतो.

शेवटी तपासणी. सेल न टाकता आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा, टोपी घट्ट करा, ग्लासभर पाण्यात दहा मिनिटं बुडवा. बाहेरून पुसून उघडा. कागद टोपीकडून ओला झाला तर रिंग पुन्हा बसवा. काचेकडून ओला झाला तर काचेच्या कडेनं पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढा, एक दिवस सुकू द्या आणि परत बुडवून पाहा. कागद कोरडा निघाला की मगच नवे सेल टाका.